अपंग बंधुभगिनी आणि डिजिटल साधनें

(ज्युबिली व्याख्यानमालेंत ३ डिसेंबर रोजीं दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त चाललेल्या व्याख्यानमालेंत मजसारख्या एका सेवानिवृत्त शाळामास्तरास आपण बोलाविलें, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहें. मी जासईचा राहणारा. या उरण-पनवेलच्या पट्ट्यांत आपण सारे एकाच मातींत वाढलों, त्यामुळें आपणांपुढें उभा राहतांना परकेपणा वाटत नाहीं. माझ्या आधीं येथें विद्वान वक्ते बोलून गेले. मी विद्वान नव्हें. मला जें सांगावयाचें आहे, त्यांत थोडें वाचलेलें आहे, थोडें पाहिलेलें आहे, आणि एक चूक आहे. ती चूक माझीच आहे. योग्य ठिकाणीं तिची कबुली देईनच.

विषय आहे अपंग बंधुभगिनींचा, आणि मोबाईल, संगणक, इंटरनेट या नव्या साधनांचा. सरकारी लेखांत आज 'दिव्यांग' हा शब्द रूढ आहे. कांहींना तो आवडतो, कांहींना जुना 'अपंग' शब्दच प्रामाणिक वाटतो. मी दोन्ही वापरीन. शब्दावरून वाद घालण्यापेक्षां कामाकडे वळणें बरें.

आज ३ डिसेंबर. हा संत फ्रान्सिस झेविअर यांचा सण. १५५२ सालीं याच दिवशीं चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर त्यांनीं देह ठेविला. १९९२ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें हाच दिवस अपंग व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळावा असें ठरविलें. आणि योगायोग असा, कीं त्याच १९९२ च्या ३ डिसेंबरला इंग्लंडमध्यें एका तरुण अभियंत्यानें संगणकावरून मोबाईल फोनवर पहिला लेखी संदेश पाठविला. त्यांत नाताळच्या शुभेच्छा होत्या. १८७६ सालीं टेलिफोन काढणारे ग्रॅहम बेल हे स्वतः बधिरांचे शिक्षक. त्यांची आई जवळजवळ बधिर, पत्नी पूर्ण बधिर. तरी त्यांचें तें जगप्रसिद्ध यंत्र त्या दोघींच्या कामाचें नव्हतें. तो लेखी संदेश मात्र कोणा बधिरासाठीं म्हणून काढलेला नसतांनाही जगांतील बधिर लोकांच्या खिशांत प्रथमच त्यांचा स्वतःचा टेलिफोन आला. एकाच प्रकारचें साधन एका रूपांत माणसास बाहेर ठेवतें आणि दुसऱ्या रूपांत आंत घेतें, हें यावरून आपल्या ध्यानांत येईल.

आमच्या जासईची हकीकत आपणांस ठाऊक आहे. भाताचीं शेतें आणि मिठागरें हा या पट्ट्याचा जुना संसार. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठीं जमिनी गेल्या, आणि १९८४ च्या जानेवारींत १६ व १७ तारखेस, जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या शेतकऱ्यांच्या लढ्यांत पांच जण हुतात्मे झाले. १९८९ मध्यें न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीपासूनचा सुमारे २२ किलोमीटरांचा सागरी सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. पन्नास वर्षांत जमिनीवरचें सारें बदललें, आणि त्याबरोबर कागदही बदलला. सातबारा, बँकेचें पासबुक, निवृत्तिवेतन, रेशन, शाळेचे दाखले, ज्या वस्तूंसाठीं आपले वाडवडील कचेरीच्या दारांत ताटकळत, त्या आतां मोबाईलच्या कांचेआड गेल्या आहेत.

धडधाकट माणसाची यामुळें एक फेरी वांचली. परंतु ज्याला दिसत नाहीं, ज्याला ऐकूं येत नाहीं, ज्याचे हात चालत नाहींत, त्याला या बदलानें दोहोंपैकीं एक फळ मिळतें: एक तर आजवर कधीं न लाभलेली स्वाधीनता, नाहींतर आजवर नव्हती अशी एक नवी भिंत. त्यांपैकीं काय पदरांत पडावें हें त्याच्या अपंगत्वावर फारसें अवलंबून नाहीं. साधन बनविणारानें तें कसें बनविलें, आणि त्या साधनावरून दुसऱ्यास कांहीं कळविणारानें तें कसें कळविलें, यावर तें अवलंबून आहे. कळविणारे आपण सारेच आहों. मला आज मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे.

माझे वडील शेतकरी. सत्तरीनंतर काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. अंगठ्यावरच्या रेषा त्याआधींच भातलावणीनें आणि मिठागराच्या खारानें झिजल्या होत्या. एका कचेरींतील यंत्रावर अंगठा टेकवून ते तीनदां रिकाम्या हातीं परत आले. यंत्र त्यांना ओळखीना. बँकेचे संदेश मोबाईलवर येत, ते घरांतलें कोणीतरी वाचून दाखवी. पैशाच्या व्यवहाराची गुप्त संख्या आली कीं नातू मोठ्यानें वाची. घर प्रेमाचें होतें. फसवणुकीचा प्रश्नच नव्हता. तरी एके दिवशीं ते मला म्हणाले, "अरे, माझ्या नांवावर काय आलें, हें घरांत सगळ्यांच्या शेवटीं मला कळतें." आम्ही त्यांची उत्तम सेवा करीत आहों अशी माझी समजूत होती. सेवा निराळी आणि स्वाधीनता निराळी, हें मला त्या दिवशीं कळलें.

पुढें शेजारच्या गांवच्या एका अंध मुलीनें त्यांना त्यांचाच फोन वापरावयास शिकविलें. नवा फोन घ्यावा लागला नाहीं. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी सोय हल्लींच्या फोनमध्यें आधींपासून असते. अँड्रॉइड फोनवर तिला टॉकबॅक म्हणतात, आयफोनवर व्हॉइसओव्हर. दोन्ही २००९ पासून आहेत, आणि त्यांचे वेगळे पैसे पडत नाहींत. ती सुरू केली कीं कांचेवर हलकें बोट फिरवावें. बोटाखालीं जें येईल त्याचें नांव फोन उच्चारतो. हवें तें सांपडलें कीं दोनदां टिचकी मारावी, म्हणजे तें उघडतें. मराठी आवाजही मिळतो. संगणकासाठीं एन.व्ही.डी.ए. नांवाची अशीच फुकट मिळणारी आज्ञावली आहे. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन व जेम्स टेह या दोन अंध मित्रांनीं २००६ सालीं ती काढली. ज्यांचे हात चालत नाहींत त्यांना बोलून लिहितां येतें. ऑगस्ट २०१७ पासून गूगलची ही सोय मराठींतही आहे. रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०२० रोजीं 'मणि' नांवाचें साधन काढलें; फोनचा कॅमेरा नोटेवर धरला कीं नोट कितीची तें तो सांगतो, आणि त्याला इंटरनेट लागत नाहीं.

सत्त्याहत्तराव्या वर्षीं हें शिकावयास वडिलांना दोन महिने लागले. पहिल्या आठवड्यांत त्यांनीं फोन तीनदां खाटेवर आपटला. ती मुलगी हंसून पुन्हां पहिल्यापासून सांगे. तिनें एकदांही फोन त्यांच्या हातून आपल्या हातीं घेतला नाहीं. पुढें एका संध्याकाळीं त्यांनीं बँकेचा संदेश स्वतः ऐकला, शिल्लक किती तें मनाशीं ठेविलें, आणि आम्हां कोणालाही सांगितलें नाहीं. मीं विचारलें, तेव्हां "तुला कशाला पाहिजे?" म्हणाले. इतका आनंद देणारें उत्तर मला त्यांच्याकडून कधीं मिळालें नव्हतें.

आतां माझ्या चुकीकडे येतों. आमच्या आळीचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. सभा, लग्न, मयत, पाण्याची पाळी, सर्व सूचना त्यावर येतात. मास्तर म्हणून त्या सुबक रीतीनें तयार करण्याचें काम माझ्याकडे. मी त्या संगणकावर वळणदार अक्षरांत मांडीं, कडेला नक्षी घालीं, आणि त्यांचें चित्र करून पाठवीं. एके सकाळीं वडिलांच्या एका बालमित्राच्या निधनाची सूचना मीं अशीच पाठविली. हार, छायाचित्र, अंत्ययात्रेची वेळ, सारें एका चित्रांत. मी त्या दिवशीं पुण्यास होतों. घरांतलीं माणसें आपापल्या कामांवर गेलेलीं. वडिलांचा फोन वाजला. त्यांनीं संदेश उघडला, आणि फोन त्यांना 'फोटो' एवढाच एक शब्द बोलला. कोणी देवाचें चित्र पाठविलें असेल असें समजून त्यांनीं फोन खालीं ठेविला. संध्याकाळीं शेजाऱ्यांकडून कळलें, तेव्हां चिता विझत आली होती. ज्याच्या खांद्याला खांदा लावून ते १९८४ सालीं रस्त्यावर बसले होते, त्याला शेवटचा खांदा देणें त्यांच्या हातून राहून गेलें. आणि तें त्यांच्या मुलानेंच धाडलेल्या सूचनेमुळें. त्यांनीं मला बोल लाविला नाहीं. "तूं साधें लिहिलें असतेंस तर मीं ऐकलें असतें," एवढेंच म्हणाले.

बंधुभगिनींनो, त्यांच्याजवळ फोन होता, विद्या होती, इच्छा होती. दोन महिन्यांच्या कष्टानें त्यांनीं आपल्या बाजूची वाट मोकळी केली होती. अडसर मीं घातला, आणि तोही सुबकपणाच्या हौसेनें. दोन ओळी साध्या टंकून पाठविण्यास त्या चित्रापेक्षां कमीच वेळ लागला असता.

यंत्रांत काय घडतें तें थोडक्यांत सांगतों, म्हणजे दोष कोठें आहे तें नीट कळेल. संगणक अक्षर ओळखतो तें आकारावरून नव्हे, संख्येवरून. युनिकोड नांवाच्या जागतिक संकेतांत लिपीलिपींतील अक्षरांस ठराविक संख्या दिलेल्या आहेत. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यांत देवनागरी आहे. 'क' ची संख्या २३२५. ही संख्या भेटली कीं फोन उरणांतला असो वा न्यूयॉर्कमधला, तो 'क' च समजतो, आणि वाचणारी सोय 'क' च उच्चारते. चित्रांत अशा संख्या नसतात. नुसते रंगांचे ठिपके असतात. डोळ्याला त्यांत अक्षर दिसतें, यंत्राला दिसत नाहीं. चित्रांतील अक्षरें ओळखून वाचणारीं साधनें आतां निघालीं आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. परंतु त्यांना जादा खटाटोप पडतो, नक्षीदार मराठी अक्षरांत चुका राहतात, आणि अंत्ययात्रेच्या वेळेंतला एक आंकडा चुकला तर काय होतें हें मीं सांगावयास नको.

दुसरी अडचण आपणां मराठी लोकांची अधिक जवळची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं आपल्या छापखान्यांनीं देवनागरीसाठीं निराळे फॉन्ट वापरले, आणि पुष्कळ ठिकाणीं ते अजून चालूं आहेत. त्यांत पडद्यावर मराठी 'क' दिसतो, पण आंत संख्या असते ती एखाद्या इंग्रजी अक्षराची किंवा चिन्हाची. कागदावर छापून आलें कीं कांहीं फरक कळत नाहीं. तीच फाईल अंध वाचकास पाठविली, तर त्याचा संगणक मराठीऐवजीं इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ वाचूं लागतो. म्हणजे चित्र मुकें, जुन्या फॉन्टांतला मजकूर बरळणारा, आणि युनिकोडमधला मजकूर शहाण्यासारखा बोलणारा. डोळसाला तिन्ही सारखेच दिसतात, आणि म्हणूनच हा दोष आपल्या ध्यानांत येत नाहीं.

ही चूक जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्यें व्हॅलेंटिन आऊई या सज्जनानें अंधांची शाळा काढली, तेव्हां त्यानें रोमन अक्षरेंच उठावदार छापलीं. डोळ्यास ओळखीचीं, पण बोटास कठीण. पुढें त्याच शाळेंत लुई ब्रेल आला. १८०९ सालीं जन्मलेल्या या मुलाची दृष्टि वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यांतील हत्यार लागून लहानपणींच गेली होती. पंधराव्या वर्षीं, १८२४ सालीं, त्यानें सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. ती दिसावयास अक्षरासारखी नव्हती, बोटाला मात्र चटकन् कळे. डोळसांना ती रुचावयास वेळ लागला. १८५२ सालीं ब्रेल वारला, आणि शाळेनें त्याची लिपि अधिकृतपणें स्वीकारली ती १८५४ सालीं. याच सहा टिंबांवर १९५१ सालीं भारती ब्रेल ठरली, आणि तींतच आपली मराठीही लिहिली जाते.

बधिरांची हकीकतही अशीच आहे. अठराव्या शतकांत पॅरिसचे एक धर्मगुरु, आबे द लेपे, यांना दोन बधिर बहिणी भेटल्या. त्यांना शिकविण्याआधीं हे गृहस्थ बधिरांच्या खुणा स्वतः शिकले, आणि त्यावर त्यांनीं शाळा उभारली. याउलट १८८० सालीं मिलान येथें भरलेल्या परिषदेंत, बहुतेक ऐकूं येणाऱ्याच शिक्षकांनीं, शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करावी असा ठराव केला. हेतु भल्याचाच होता. परंतु ज्यांचें भलें करावयाचें त्यांना विचारलें नाहीं, आणि बधिर मुलांच्या पिढ्यांनीं त्याचें फळ भोगलें.

आपल्या मुंबईचें स्थान यांत लहान नाहीं. हिंदुस्थानांतील बधिरांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईंत निघाली ती येथील कॅथोलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें. त्याच मुंबईंत, सेंट झेविअर्स महाविद्यालयांत, २००३ सालीं दृष्टिहीनांसाठीं एक साधनकेंद्र सुरू झालें. डॉ. सॅम तारापोरवाला या दृष्टिबाधित प्राध्यापकांच्या नेतृत्वाखालीं त्यानें विद्यार्थ्यांना संगणक शिकविलाच, शिवाय बँका, बोलणारीं ए.टी.एम. यंत्रें आणि पुस्तकें यांसाठींही झगडा दिला. या व अशा संस्थांच्या प्रयत्नानें २०१२ सालीं आपल्या कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती होऊन, अपंगांसाठीं पुस्तकाचें वाचतां येण्याजोगें रूप करण्यास मोकळीक मिळाली. २०१३ सालीं मराकेश येथें याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्यें त्यास मान्यता देणारा जगांतील पहिला देश भारत ठरला.

आतां कायद्याविषयीं दोन शब्द, कारण पुष्कळ कुटुंबांस आपला हक्क ठाऊक नसतो. २०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारे २ कोटि ६८ लक्ष अपंग नोंदले गेले. त्यांपैकीं महाराष्ट्रांत सुमारे २९ लक्ष ६३ हजार. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, आणि त्याच्या ४२ व्या कलमानें माहिती व दळणवळणाचीं साधनें अपंगांस वापरतां येतील अशीं करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बजावलें, कीं सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून भागणार नाहीं, ते बंधनकारक केले पाहिजेत.

त्याहून महत्त्वाचा निकाल ३० एप्रिल २०२५ चा. बँकेंत खातें उघडतांना माणूस जिवंत व समोर आहे हें पटविण्यासाठीं कॅमेऱ्यापुढें डोळे मिचकावावयास सांगतात. आम्लहल्ल्यांत ज्यांचे चेहरे व डोळे भाजले, त्या स्त्रियांना तें शक्य नव्हतें. पूर्ण अंध असलेल्या एका गृहस्थांना कॅमेऱ्याच्या चौकटींत चेहरा धरणें शक्य नव्हतें. त्यांच्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं डिजिटल साधनांपर्यंत पोंचणें हें घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचेंच अंग आहे. न्यायालयानें वीस आदेश दिले. डोळे मिचकावण्यास पर्याय द्यावा, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, कागदावर ओळख पटविण्याची जुनी वाटही चालूं ठेवावी, आणि संकेतस्थळांची सुगम्यतेच्या दृष्टीनें तपासणी व्हावी, असें त्यांत आहे. म्हणून कोणा कचेरींत "यंत्र घेत नाहीं, आमचा इलाज नाहीं" असें उत्तर मिळालें, तर तें शेवटचें समजूं नये. केरळांत कुमारकम येथील एका महिलेला हाताचीं बोटेंच नव्हतीं, म्हणून तिचें आधार कार्ड निघेना. २०२३ च्या डिसेंबरांत सरकारनें तिच्या घरीं माणसें पाठवून तें काढून दिलें, आणि बोटें नसलीं तर डोळ्याच्या बुबुळावरून नोंद घ्यावी अशी सूचना सर्व केंद्रांस दिली. आपल्याजवळ, पनवेलच्या नेरे येथील शांतिवनांत, कुष्ठरोगानें बोटें गमावलेल्यांची सेवा वर्षानुवर्षें झाली आहे. तेव्हां अशा माणसांस हा नियम ठाऊक असणें किती जरूरीचें आहे, हें मीं आपणांस सांगावयास नको.

परंतु न्यायालय माझ्या आळीच्या गटावर येऊन सूचना टंकणार नाहीं. तें काम माझें आहे. आपल्या धर्मग्रामांत काय करतां येईल, याविषयीं माझ्या अल्पमतीनें चार गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट सूचनांची. मिस्साची वेळ, सभा, निधनवार्ता, जें जें फोनवर जाईल तें साध्या अक्षरांत टंकून जावें. चित्र पाठवावयाचें असेल तर खुशाल पाठवावें, पण त्याखालीं तोच मजकूर लिहावा. छायाचित्र असेल तर त्यांत कोण आहे, काय चाललें आहे, हें एका ओळींत सांगावें. ज्युबिलीचे शेंकडों फोटो निघतील. "आजचे फोटो" असें लिहिण्याऐवजीं "बाल वेदीसेवक मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीच्या पुढें" असें लिहिलें, तर अंध आजीलाही मिरवणूक दिसेल. बोलून पाठविलेली सूचना अंधास चालते, बधिरास चालत नाहीं. लिहिलेली दोघांसही चालते.

दुसरी गोष्ट या स्मरणिकेची. माझें भाषण तींत छापणार असल्याचें फादरांनीं सांगितलें आहे. संपादक मंडळास माझी विनंति आहे, कीं स्मरणिकेचा सर्व मजकूर युनिकोडमध्यें एका फाईलींत निराळा ठेवावा आणि मागेल त्या दृष्टिहीन वाचकास पाठवावा. त्यास छपाईचा एक पैसाही जादा पडणार नाहीं. फक्त अक्षरजुळणीस देण्यापूर्वीं तें सांगावयास हवें.

तिसरी गोष्ट बधिरांची. मिस्सा, प्रवचनें आतां इंटरनेटवरूनही दाखवितात. पण तळाला शब्द नसतील, तर बधिराला ओठ हलतांना दिसतात, इतकेंच. प्रवचनाचा सारांश आधीं लिहून त्यांच्या फोनवर पाठविला, तरी पुष्कळ काम होईल. भारतीय खुणांची भाषा शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेनें दहा हजार शब्दांचा दृश्यकोश केला आहे. २०२२ पासून तो फोनवरही पाहतां येतो. आपल्या तरुणांनीं त्यांतले शंभर शब्द शिकले, तरी देवालयाच्या दारांत एखाद्या बधिर बांधवाचें त्याच्या भाषेंत स्वागत होईल.

चौथी गोष्ट शिकविण्याची. रविवारीं मिस्सानंतर दोन तास तरुणांनीं बसावें, आणि ज्या कोणा वृद्धास वा अपंगास फोन शिकावयाचा असेल त्यास शिकवावें. मात्र शिकविणारांत शक्य तर एखादी अपंग व्यक्ति असावी. ज्या वाटेवरून ती स्वतः गेली ती वाट तीच नीट दाखवूं शकते. आणि दोन नियम कडकपणें पाळावे: शिकणाराच्या हातांतून फोन घेऊं नये, आणि त्याची गुप्त संख्या विचारूं नये. पहिल्यानें त्याची विद्या त्याच्याजवळ राहते, दुसऱ्यानें त्याची अब्रू.

यावर कोणी म्हणेल, "आमच्यांत असे कितीसे आहेत?" मीही तसेंच म्हणत असें, आणि त्यांतला एक माझ्याच ओसरीवर बसलेला होता. ज्यांना सूचना पोंचत नाहीं ते येत नाहींत, आणि येत नाहींत म्हणून ते नाहींतच असें आपण धरून चालतों. दुसरा कोणी म्हणेल, "घरांत वाचून दाखविणारें माणूस आहे, मग हा खटाटोप कशाला?" त्यास माझ्या वडिलांचें वाक्य आठवावें. आणि डोळे, कान, हात हे आपणां सर्वांचेच कांहीं काळापुरते आहेत. आज जी वाट दुसऱ्यासाठीं मोकळी करूं, तीवरून उद्यां आपणच जाऊं.

कफर्णहूम गांवच्या पक्षाघाती माणसाची गोष्ट आपणांस माझ्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. घर माणसांनीं भरलें होतें, दारांतून वाट नव्हती, तेव्हां त्याला उचलून आणणाऱ्या चौघांनीं घरावरचें छप्पर उघडलें आणि त्याची खाट खालीं सोडली. मला त्या गोष्टींत दाराशीं दाटलेली माणसेंही दिसतात. तीं दुष्ट नव्हतीं. ऐकण्यांत गुंगलीं होतीं, आणि आपल्या पाठीमुळें कोणाची वाट अडली आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. छप्पर उघडणारे चौघे थोर खरेच. पण दाराशीं उभ्या असलेल्यांनीं थोडें बाजूला सरून वाट दिली असती, तर छपराला हात लावावा लागला नसता. आपणांकडून आज मागणें आहे तें एवढेंच बाजूला सरण्याचें.

माझे वडील आतां या जगांत नाहींत. मी अजून गटावर सूचना पाठवितों. साध्या अक्षरांत, नक्षीवांचून. पाठविण्यापूर्वीं माझ्या फोनवर टॉकबॅक लावून डोळे मिटतों आणि ती एकदां ऐकतों. ऐकूं आली, तरच पाठवितों.